कबऱ्या मांजरीचें कोडें

वाघाची मावशी म्हणून जिचें कौतुक होतें आणि दुधाचें भांडें झांकतांना जिची हटकून आठवण होते, त्या मांजरीच्या अंगावरील रंग हा विद्यापीठांतील पंडितांच्या अभ्यासाचा विषय व्हावा, याचें कित्येकांस हसूं येईल. परंतु पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग मिरविणारी कबरी मांजरी पाहिली, म्हणजे एक साधा प्रश्न कोणासही पडावा. अशी मांजरी बहुधा भाटीच कां असते? तिरंगी बोका इतका क्वचित् कां आढळतो?

जपानांत या मांजरीस ‘मिके’, म्हणजे तीन केसांची, असें म्हणतात. तिरंगी बोका तेथील दर्यावर्दी लोक शुभ मानीत आले. 1957 सालीं दक्षिण ध्रुवप्रदेशांतील शोवा तळावर हिंवाळा काढणाऱ्या जपानी तुकडीच्या संगतीला ताकेशी नांवाचा असाच एक बोका होता.

कोड्याचें निम्में उत्तर पूर्वींच ठाऊक झालें होतें. मांजराच्या पेशींत गुणसूत्रांच्या 19 जोड्या असतात व त्यांतील एक जोडी लिंग ठरविते. भाटीच्या वांट्यास या जोडींत दोन एक्स गुणसूत्रें येतात. बोक्याच्या वांट्यास एक एक्स आणि एक वाय. तांबूस रंगाचें बीज या एक्सवर आहे. म्हणून बोका एक तर तांबूस असतो, नाहीं तर काळा. भाटीला मात्र एका एक्सवर तांबूस व दुसऱ्यावर काळा, असे दोन्ही वारसे मिळूं शकतात. 1961 सालीं मेरी लायन या इंग्रज विदुषीनें असें प्रतिपादन केलें, कीं मादीच्या गर्भावस्थेंतच प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्सपैकीं एकास निजविते, आणि त्या पेशीचा पुढील सारा वंश तोच निर्णय पाळतो. अशा रीतीनें कातड्याच्या एका भागीं काळा चट्टा उठतो, तर शेजारींच तांबूस. पांढरा रंग ही निराळ्या जनुकाची करणी होय. तिरंगी बोका जन्मास येतो, तो बहुधा एक जादा एक्स घेऊनच.

परंतु तांबूस रंगाचें तें बीज नेमकें कोणतें, हें सांपडलें नव्हतें. 2007 सालीं अमेरिकेंतील मिसूरी विद्यापीठांत राहणाऱ्या सिनॅमन नांवाच्या मांजरीच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. गांवाचा नकाशा हातीं आला. घर हुडकावयाचें राहिलें.

तें हुडकण्याचें काम फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठाच्या हिरोयुकी सासाकी यांनीं मनावर घेतलें. जनुकें केव्हां जागतात व केव्हां निजतात, याच विषयांत या प्राध्यापकांची हयात गेली होती. मांजरांविषयींचें प्रेमही होतेंच. पण रंगाच्या कुतूहलासाठीं पैसा द्यावा कोणीं? संशोधकांनीं लोकांपुढें झोळी पसरली, आणि देशोदेशींच्या मार्जारप्रेमी मंडळींनीं सुमारें 1 कोटी 6 लाख येन जमवून दिले. त्यांत आपल्या खाऊच्या पैशांतून वर्गणी धाडणारीं प्राथमिक शाळेंतील दोन भावंडेंही होतीं.

हिदेहिरो तोह आदि सहकाऱ्यांसह या मंडळींनीं प्रथम 18 मांजरांचा जनुकसंच ताडून पाहिला. त्यांपैकीं 10 मांजरांच्या अंगावर तांबूस रंग होता. 8 मांजरांच्या नव्हता. तांबूस रंगाच्या दाहीजणांत एक्सवरील एआरएचजीएपी-36 या जनुकाच्या हद्दींतील सुमारें 5,100 अक्षरें गळालेलीं आढळलीं. उरलेल्या आठांत तीं शाबूत होतीं. आणखी 49 मांजरें तपासलीं, तेथेंही हाच प्रकार. गळालेला मजकूर प्रथिन घडविणारा नव्हे. तो त्या जनुकास आवर घालणारा असावा. आवर सुटला, कीं रंगपेशींत जनुक जोमानें काम करूं लागतें, काळें रंगद्रव्य मागें पडतें आणि तांबूस पुढें येतें. चार तिरंगी मांजरांच्या कातड्यांतही तांबूस चट्ट्यांच्या जागीं हें जनुक अधिक जागें दिसलें.

त्याच सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक गट स्वतंत्रपणें याच निष्कर्षास पोहोंचला. दोन्ही निबंध 2025 च्या मे महिन्यांत एकाच नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. दोन हिशेबनिसांनीं निरनिराळ्या वह्यांत मांडलेली बेरीज जुळावी, तशी ही साक्ष समजावी.

आतां कोणी विचारील, यांतून लाभ काय? हें जनुक केवळ कातड्यांत नव्हे, तर मेंदू व ग्रंथि यांतही काम करतें, आणि माणसाच्याही शरीरांत तें आहेच. तांबूस मांजरें विशेष खोडकर, असें पाळणारे शपथेवर सांगतात. परंतु रंगाचा स्वभावाशीं संबंध अद्यापि सिद्ध झालेला नाहीं, आणि संशोधकांनींही तसा दावा केलेला नाहीं. लोकांच्या पैशांवर काम करणाऱ्यांनीं लोकांस आवडेल तें न सांगतां जेवढें दिसलें तेवढेंच सांगावें, हा प्रामाणिकपणा त्या वर्गणीची खरी फेड होय.

सासाकी आतां सेवानिवृत्त झाले आहेत, पण काम त्यांनीं सोडलेलें नाहीं. मांजरांच्या रोगांवर उपाय शोधण्यास या ज्ञानाचा उपयोग व्हावा, अशी त्यांची इच्छा आहे. तीं अक्षरें प्रथम केव्हां गळालीं, प्राचीन मिसर देशींच्या मांजरांत तांबूस रंग होता कीं नव्हता, हेंही त्यांस जाणून घ्यावयाचें आहे. त्या दोन भावंडांचा खाऊ अजून पुरता संपलेला नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.