टाक नव्हे, पदक

(वेळापूर येथील बौद्ध उपासक-उपासिकांच्या सभेत एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मदीक्षेनंतर देव्हारा उतरविणे हे आपले कर्तव्यच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरास दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी त्याविषयी संदेह ठेवलेला नाही. माझे म्हणणे एवढेच की, टाकांचे गाठोडे नीरेत सोडण्यापूर्वी ते एकदा उजेडात उघडून पाहावे.

आपल्या तालुक्यातील एका घरी अशा वेळी मी हजर होतो. खंडोबाचा म्हणून पुजलेला एक वाटोळा चांदीचा टाक त्यात निघाला. घोड्यावर स्वार, हाती आखूड तलवार. मग खंडोबाच की! परंतु स्वाराच्या अंगावर वस्त्र नव्हते. घोड्याच्या टापांखाली गरुडचिन्हाची ढाल व कवटी होती आणि कडेजवळ १९१४ व १९१८ हे आकडे होते. दुसऱ्या बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मस्तक. ते पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक होते आणि स्वार हा ख्रिस्ती लोकांचा संत जॉर्ज. जाड कडेवर साचलेले हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसले, तेव्हा रोमन अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण दिसू लागली. नाव त्या घरच्या पणजोबांचे होते. इतकी वर्षे त्यांच्या पदकाची पूजा झाली, पण त्यांचे नाव कोणी वाचले नव्हते.

१८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली. युद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली ती मोडली. गरजेपुरते घ्यावे, गरज सरताच घरी पाठवावे, असा तो व्यवहार होता. आपल्या घरांत या सेवेचे कागद फारसे उरलेले नाहीत. म्हणून धातूवरची अक्षरे मोलाची. चिंच किंवा राख लावून ती घासू नयेत.

बिल्ल्याची गोष्ट निराळी. पदकावर माणसाचे नाव असते, टोपीवरचा बिल्ला केवळ पलटण सांगतो. शिवाय त्याच्या नकलाही बाजारात मिळतात. न्यायालयात मी त्याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणेन. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्याच्या जोडीला एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आल्या आणि स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. खांद्यावरच्या चिन्हात मुकुट दिसला म्हणजे ते गोऱ्या मेजरचेच, असे समजू नये. आपले सुभेदार-मेजरही मुकुट लावीत. प्रजासत्ताक झाल्यावर, १९५० साली, तो मुकुट उतरला आणि त्या जागी सारनाथचे अशोकसिंह आले. नागपूरच्या दीक्षेच्या सहा वर्षे आधी! मला या गोष्टीचा आनंद वाटतो, तो लपविण्याचे कारण नाही.

त्या घरचे टाक त्याच सायंकाळी नदीत गेले. पदक आता सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत पेटीत आहे आणि त्यावरील क्रमांक धाकट्या नातीने वहीत उतरवून ठेवला आहे.