कराचं खातं आणि आपला बचत गट



कराचा विषय निघाला की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "तो शेठलोकांचा कारभार, आपण कुठं कर भरतो?" आम्ही त्यांना साबणाची वडी दाखवतो. अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवर सप्टेंबर 2025 पर्यंत शंभराला 18 रुपये जीएसटी होता, 22 सप्टेंबरपासून तो 5 झाला. सॅनिटरी पॅडवर 12 टक्के होता, तो जुलै 2018 मध्ये काढला. म्हणजे दुकानात पाऊल टाकणारी प्रत्येक बाई कर भरतेच. आणि जी कर भरते, तिला विचारायचाही हक्क आहे.

हा कर केंद्राचं अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ आणि आपल्या राज्याचं जीएसटी खातं मिळून सांभाळतात. बंदरावर, विमानतळावर माल तपासणारं कस्टम्सही याच केंद्रीय मंडळाचं. नाव मोठं, काम मात्र आपल्या पिशवीतल्या पावतीपर्यंत येतं. छापील किमतीत, म्हणजे एमआरपीत, सगळे कर आलेले असतात. त्यावर कुणी "जीएसटी वेगळा" म्हणालं तर देऊ नका. ज्याची नोंदणीच नाही, त्याला जीएसटी घेताच येत नाही. नोंदणी आहे का ते बिलावरच्या पंधरा आकडी नंबरावरून कळतं. आपल्या राज्याचा नंबर 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं; त्याला पासवर्ड लागत नाही. शाळेतली पोरगी दोन मिनिटांत काढून देते.

आता आमच्या गटाचं सांगतो. दिवाळीआधी तालुक्याच्या एका दुकानदारानं साठ किलो मसाला मागितला, पण म्हणाला, जीएसटीचं पक्कं बिल हवं. नोंदणी करून देणारा एक जण भेटला. त्यानं पाच हजार मागितले, वर म्हणाला, "ही सरकारी फी आहे." आम्ही दोघीजणी थेट जीएसटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या सेवा केंद्रातल्या माणसानं सरळ सांगितलं, नोंदणीला सरकारी फी एक रुपयाही नाही. अर्ज भरून देण्याची मजुरी कुणी मागितली तर तो तुमचा-त्याचा व्यवहार. तिला सरकारी फी म्हणायचं नाही.

त्याच खिडकीवर आणखी कळलं. पापडावर जीएसटी नाही. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्तीच नाही. मसाल्यावर 5 टक्के आहे, पण राज्यातल्या राज्यात माल विकत असाल तर बहुतेक मालाला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर गेल्यावरच नोंदणी लागते. मात्र उलाढाल मोजताना पापडाचे पैसेही धरतात, हे वहीत लिहून ठेवा. परराज्यात माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे, तेव्हा आधी विचारून घ्या.

मग हौसेनं नोंदणी करावी का? आमच्यात यावरून दोन तट पडले. नोंदणी झाली की विवरणपत्र भरावंच लागतं, विक्री शून्य असली तरी. शून्याचं विवरण चुकलं तरी दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क. ते सांभाळणारी बाई गटात नव्हती, म्हणून आम्ही थांबलो. दुकानदारानं निम्माच माल घेतला. काहीजणी अजून कुरकुरतात, आणि त्यांचंही खोटं नाही.

ज्यांना करायचीय त्यांच्यासाठी एक गोष्ट. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय मंडळानं आपल्या अधिकाऱ्यांना लेखी बजावलंय की यादीबाहेरचे कागद मागू नका. जागा भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकीचा पुरावा पुरे. घरमालकाचं पॅन, आधार, जागेचे फोटो मागायचे नाहीत. कुणी मागितलं तर "लेखी द्या" म्हणा. आवाज चढवायची गरज नाही.

आणि फोनचं. "कस्टम्समधून बोलतोय, तुमच्या नावाच्या पार्सलात वाईट माल सापडलाय, पैसे भरा नाहीतर अटक." आमच्या ग्रामसंघात दोघींना असा फोन आला, एकीनं तर गळ्यातलं मोडायची तयारी केली होती. सुनेनं अडवलं. कस्टम्सचा अधिकारी फोनवरून कुणाच्या खात्यात पैसे टाकायला सांगत नाही. फोनवर, व्हिडिओवर अटकही होत नाही. खात्याच्या खऱ्या कागदावर एक ओळख क्रमांक असतो, त्याला डिन म्हणतात, 2019 पासून आहे. नाहीतर पोर्टलचा संदर्भ क्रमांक असतो. दोन्ही संकेतस्थळावर तपासता येतात. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 वर फोन करा. जितकं लवकर, तितके पैसे अडण्याची आशा जास्त.

जीएसटीच्या शंकांसाठी मोफत नंबर लिहून घ्या: 1800 103 4786. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं किराण्याचं एक बिल आणा, नंबर सगळ्याजणी मिळून तपासू.