घरांतले जोतीराव



जोतीराव फुल्यांच्या शाळा व ग्रंथ यांविषयीं आपण पुष्कळ ऐकतों. आज आम्ही त्यांच्या घराविषयीं दोन शब्द बोलणार आहों.

१८४० सालीं लग्न झालें तेव्हां सावित्रीबाई नऊ वर्षांच्या होत्या. जोतीरावांनीं त्यांना घरींच शिकविलें. १८४८ सालीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली व बाई शिकवूं लागल्या. त्यापायीं बापाचें घर सोडण्याची पाळी आली. दोघेंही बरोबरच बाहेर पडलीं.

पोटीं मूल झालें नाहीं. दुसरी बायको करा, असा घरच्यांचा आग्रह. जोतीरावांनीं तो मानला नाहीं. १८६३ सालीं त्यांनीं विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. पुढें अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तोच यशवंत, तो शिकून डॉक्टर झाला.

१८८८ सालीं अर्धांगवायूनें जोतीरावांचा उजवा हात गेला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें ग्रंथ लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. टिटवें सावित्रीबाईंनीं धरलें. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां त्याही गेल्या.

दादांनो, मूल नाहीं म्हणून बायकोलाच बोल लावणारीं घरें आजही आहेत. रक्ताचें नसलेलें पोर पोटाशीं धरणारा बाप आपणांत झाला. त्याच्या तसबिरीला हार घालण्याआधीं आपण आपल्या घरांतल्या बाईशीं कसे वागतों, एवढें चुलीपाशीं बसून विचारावें, ही आमची विनंति.