रस्त्यावरची उतरंड

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





गुणगौरवाच्या कार्यक्रमात पुढील शिक्षण, स्पर्धा परीक्षा, नोकरी यांवर बोलावे असा प्रघात आहे. आम्ही मात्र आज गाडी कशी चालवावी, रस्त्याने कसे चालावे आणि मोटारीचे दार कोणत्या हाताने उघडावे, याविषयी बोलणार आहोत. काहींच्या चेहऱ्यावर हसू दिसते आहे. हसायला हरकत नाही. पण येताना आम्ही सभागृहाबाहेर लावलेल्या मोटारसायकली मोजल्या. सत्तावीस भरल्या. हेल्मेटे दिसली पाच. अकरा गाड्यांना आरसेच नव्हते. शोभत नाहीत म्हणून काढून ठेवले असावेत. तेव्हा हा विषय आपल्या दारातच उभा आहे.

एक प्रसंग सांगतो. तो सांगताना आम्हांला लाज वाटते, तरीही सांगतो. डिसेंबर २०१६. चैत्यभूमीहून अभिवादन करून आम्ही नऊ जण जीपने परतत होतो. सातारा मागे पडला होता. रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. उसाचा हंगाम सुरू होता. रस्त्याच्या कडेला, निम्मी डांबरावर, उसाने भरलेली एक ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल परावर्तक नाही, साधे पांढरे पोतेसुद्धा बांधलेले नाही. एक तरुण मोटारसायकलस्वार तिच्यावर आदळून रस्त्यात पडला होता. भोवती वीस-पंचवीस माणसे जमली होती. आम्हीही उतरून त्या गर्दीत सामील झालो.

आमच्या जीपमध्ये कोण होते? एक शिक्षक, एक बँकेतले कारकून, दोन पदवीधर, एक तालुका पंचायतीत नोकरीला. अडाणी कोणीच नव्हते. तरी काय करावे हे एकालाही ठाऊक नव्हते. कुणीतरी त्याच्या तोंडात बाटलीने पाणी ओतले. तो शुद्धीवर नव्हता. ते पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, हे आम्हांला पुढे कळले. मग दोघांनी हात धरले, दोघांनी पाय धरले आणि त्याला उचलून जीपमध्ये घातला. मान तशीच लोंबकळत होती. जवळच्या दवाखान्यात पोहोचवल्यावर डॉक्टरांनी एवढेच विचारले, "मान कुणी धरली होती?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. नाव, पत्ता विचारतील, पोलीस येतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील, या भीतीने आम्ही पाच मिनिटांत तेथून निघालो. तो पोरगा जगला की नाही, हे आम्हांला आजतागायत ठाऊक नाही.

आता या प्रसंगातले आमचे अज्ञान मोजून पाहा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ सालीच सुरू झालेली होती. नऊ जणांच्या खिशात मिळून दहा मोबाईल होते आणि एकानेही तो क्रमांक फिरवला नाही. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसांनी वा दवाखान्याने अडकवून ठेवू नये, नाव सांगण्याची सक्ती करू नये, या मार्गदर्शक तत्त्वांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी शिक्कामोर्तब केलेले होते. म्हणजे आम्ही पळालो त्याच्या आठ महिने आधी. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे थेट संरक्षण मिळाले. कायदा आमच्या बाजूने उभा होता. आम्हीच त्याच्याकडे पाठ फिरवून उभे होतो.

काय करायला हवे होते? जीप मागे, सुरक्षित अंतरावर उभी करून तिचे चारही इंडिकेटर चालू ठेवायचे, म्हणजे मागून येणारा दुसरा आदळणार नाही. १०८ ला फोन करून नेमके ठिकाण सांगायचे; किलोमीटरचा दगड, पूल, पेट्रोल पंप, काहीही खूण चालते. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ फडके घट्ट दाबून धरायचे आणि ते सारखे उचलून पाहायचे नाही. तोंडात पाणी, चहा काही घालायचे नाही. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायचे नाही. आणि आग किंवा अंगावर येणारी वाहने असा धोका नसेल तर त्याला हलवायचेच नाही. हलवणे भागच पडले तर एकाने डोके आणि मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरायची, बाकीच्यांनी खांदे, कंबर, पाय एकाच वेळी उचलायचे. हे शिकायला अर्धा तास पुरतो. आम्ही पंधरा-पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात घालवली, तो अर्धा तास कुणी दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही.

आता थोडे आकडे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. दर तासाला एकोणीस. एकट्या महाराष्ट्रात १५ हजार २२४. मेलेल्यांमध्ये कोण होते तेही त्या अहवालात आहे. शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे आणि सुमारे वीस पायी चालणारे. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर.

हे आकडे आम्ही पुन्हा पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. रस्त्यावर एक उतरंड आहे. सर्वांत वर ट्रक आणि बस, त्याखाली मोठी मोटार, त्याखाली लहान मोटार, मग रिक्षा, मोटारसायकल, सायकल आणि सर्वांत तळाशी पायी चालणारा. जो वर आहे त्याने हॉर्न वाजवायचा आणि जो खाली आहे त्याने बाजूला व्हायचे, असा अलिखित नियम सारे पाळतात. मरतो तो बहुधा खालचा. या सभागृहात बसलेल्यांना उतरंड म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद १५ विद्यार्थ्यांनी काढून पाहावा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला तेथे 'रस्ते' हा शब्द आहे. तो उगाच आलेला नाही. वायकोमचा १९२४ चा सत्याग्रह देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठीच झाला होता. ज्या रस्त्यावर पाऊल ठेवण्याच्या हक्कासाठी आपल्या मागच्या पिढ्या लढल्या, त्याच रस्त्यावर आपल्यातलाच कोणी नवी मोटार घेतो आणि पुढे सायकलवर चाललेल्या दूधवाल्याला कर्कश हॉर्न देऊन गटारात उतरवतो, तेव्हा आम्हांला वाईट वाटते. मोटार घेतल्याचा आनंद आम्हांलाही आहे. पण ती घेतल्यावर उतरंडीत एक पायरी वर चढलो असे ज्याला वाटते, त्याला गाडी हाकता येते, चालवता येत नाही.

आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद एस.टी.त तीस वर्षे चालक होते. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही तीन संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो. पुढचे बरेचसे त्यांचे आहे.

अण्णांचा पहिला धडा अंतराचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर म्हैस दिसली, मेंदूने ओळखले, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात सेकंद संपतो आणि ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपलेले असतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की मोजायला लागायचे: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधीच आपण त्या झाडापाशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात पाचपर्यंत मोजावे. आम्ही परतताना हे करून पाहिले. एक पुरते म्हणून होण्याआधीच झाड गेले.

दुसरा धडा घाटाचा. "ज्या गिअरात चढला त्याच गिअरात उतरायचा," असे अण्णा म्हणतात. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे महाभाग आपल्यात आहेत. काही जण तर इंजिनच बंद करतात. अशा वेळी सारा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते आणि पाय दगडावर दाबल्यासारखा होतो. रुपया वाचतो, माणूस जातो. घाटातला दुसरा शिष्टाचारही त्यांनी सांगितला. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढणीवर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलणे कठीण. हा नियम पुस्तकातही आहे. परवाना असलेल्या किती जणांना तो ठाऊक आहे, असे आम्ही येथे विचारणार नाही.

दिव्यांचे तर विचारूच नका. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, म्हणजे दिव्याचा झोत खाली घ्यायचा, एवढी साधी गोष्ट. पण "त्याने दिला नाही, मग मी का देऊ?" या हट्टापायी दोन आंधळे चालक एकमेकांच्या अंगावर येतात. अण्णा म्हणतात, त्याने नाही दिला तरी आपण द्यावा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी. एकाला तरी दिसले पाहिजे. उजवा इंडिकेटर हीसुद्धा एक कोडे झालेली गोष्ट आहे. ट्रकवाला तो लावतो तेव्हा कधी त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतोय' असा असतो, तर कधी 'ये, पुढे जा' असा. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ, आणि चूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दिव्यावर विसंबून पुढे घुसू नये. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसला तरच जावे. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्रात २०१५ साली बंद करण्यात आले. कानांना अजून त्याची खबर लागलेली दिसत नाही.

आता मोटारीचे दार. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याने दार डाव्या हाताने उघडावे. डावा हात उजव्या दारापर्यंत न्यायचा तर खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारा सायकलवाला आपोआप दिसतो. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडावे. खर्च काही नाही. आज घरी जाताना करून पाहा.

मोटारसायकलवाल्या मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण पुढच्या ब्रेकला घाबरता. पुढचा दाबला की गाडी उलटते, असे कुणीतरी सांगितलेले असते. खरे पाहता ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि जास्त रोखण्याची ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावावेत. वळणावर किंवा वाळूत एकदम आवळू नयेत. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला नसेल तर ते टोपीइतकेच उपयोगी. भगिनींनी मागे बसताना पदर, ओढणी खोचून घ्यावी. चाकात अडकलेल्या ओढणीने गळ्याला फास बसतो. पायी चालणाऱ्यांनी, फूटपाथ नसेल तेथे, उजव्या कडेने चालावे, म्हणजे येणारे वाहन समोर दिसते.

रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पालकांनो, अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिलीत तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार तुम्हांला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. दहावीला नव्वद टक्के मिळाले म्हणून गाडी बक्षीस देण्याचा विचार कुणी करत असेल तर त्याने सायकल द्यावी.

शेवटची गोष्ट मंडळाला उद्देशून आहे. अभिवादनाला जाताना आपण मालवाहू टेंपो ठरवतो. चाळीस-पन्नास माणसे, मागे म्हाताऱ्या, लेकरे, धरायला दोरीसुद्धा नाही. माल वाहणाऱ्या गाडीतून माणसे नेणे बेकायदा आहे, आणि टेंपो कलंडला की काय होते ते वर्तमानपत्रात आपण वाचतच असतो. एस.टी.ची गाडी प्रासंगिक कराराने घेतली तर माणशी वर्गणी वाढेल, हे आम्हांला ठाऊक आहे. ज्यांना ती जड जाईल त्यांची वर्गणी इतरांनी वाटून घ्यावी, असा ठराव आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. सभासदांनी त्याला पाठिंबा द्यावा.

अण्णांनी येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर यायचे कबूल केले आहे. ज्यांना पुढचा ब्रेक, अंतर मोजणे आणि जखमीला उचलणे शिकायचे आहे त्यांनी यावे. परवाना असला तरी यावे. येताना हेल्मेट आणावे, आणि ज्यांनी आरसे काढून ठेवले आहेत त्यांनी ते बसवून यावे.