टायर कुठून झिजला ते पाहा
(मोरा येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजणी हसल्या. बायकांच्या मेळाव्यात टायर कशाला? सांगते. आमच्या गटातल्या एक ताई शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. व्हॅनचे पुढचे नवे टायर काही महिन्यांतच आतल्या कडेने झिजले. गॅरेजवाला म्हणाला, "बाई, तुम्हाला चालवता येत नाही." घरीही तेच ऐकवले गेले. दोन महिने व्हॅन बंद, कमाई बंद. मी सोबत गेले होते आणि गप्प बसले, कारण मलाही काही कळत नव्हते. एम. एस. डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात टायर नव्हता! दोष ताईंच्या हाताचा नव्हता, चाकांच्या कोनाचा होता.

१९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि आपल्या उरण-पनवेलच्या रस्त्यांवर कंटेनरचे ट्रेलर आले. अवजड वाहतुकीने खड्डे पडतात. खड्ड्यात चाक जोरात आपटले की त्याचा ठरलेला कोन बिघडू शकतो. मग चाक नुसते फिरत नाही, थोडे फरफटतही जाते. ही फरफट टायर खाते, पेट्रोलही खाते.

ओळखायचे कसे? आधी चारही चाकांची हवा तपासा. एका चाकात हवा कमी असली तरी गाडी ओढते. मग मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर हळू चालवत स्टेअरिंगवरची पकड जरा सैल करा. हात सोडू नका. गाडी सारखी एकाच बाजूला जाते का? आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे किंचित ओढ असणारच. तेवढ्याने घाबरू नका. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग वाकडे राहते का, तेही पाहा. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ब्रेक दाखवा. वेगात स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंगचे काम आहे. ते काम वेगळे, त्याचे पैसेही वेगळे.

सगळ्यात खरे बोलतो तो टायर. एकच कड झिजली तर अलाइनमेंटचा संशय घ्या. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला भाग झिजला तर जास्त होती. टायरवर आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर चाके फरफटत आहेत. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर कायद्यानेही तो चालत नाही.

गॅरेजमध्ये आधी बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक सैल आहे का ते बघायला सांगा. ते सैल असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. मशीनवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे कागदावर मागा. ताई आता मागतात. पहिल्यांदा तो हसला, पण कागद दिला.

ताईंची व्हॅन बाहेर उभी आहे. झिजलेला जुना टायर त्यांनी मुद्दाम आणला आहे. चहाच्या आधी एकेकीने हात फिरवून पाहा.