‘मोकळी जमीन’ कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शहरातील जमिनीचा लढा जसा रस्त्यावर होतो, तसा तो नियमातील एखाद्या शब्दावरही होतो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचा निवाडा ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर झाला.

मुंबईत ५८ कापड गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जमिनीला मात्र सोन्याचे मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली. स्थूलमानाने एक-तृतीयांश महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक-तृतीयांश ‘म्हाडा’ला सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला. शेडखालची जमीनही या वाटणीत धरली होती.

२००१ साली हा नियम बदलण्यात आला. आता वाटणी केवळ मोकळ्या जमिनीची. जुने बांधकाम पाडून रिकामी होणारी जमीन तीतून वगळली गेली. समजा, एखाद्या गिरणीची २० एकर जमीन आहे आणि त्यांपैकी १७ एकरांवर शेड आहेत. पूर्वी घरांसाठी सहा-सात एकर मिळाले असते. नव्या नियमाने जेमतेम एक एकर. दोन-तृतीयांश जमीन सोडावी लागते म्हणून मालक पुढे येत नाहीत आणि कामगारांची देणीही अडून राहतात, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. ही अडचण खरी होती. परंतु मालक अडून बसतो म्हणून जनतेचाच वाटा कापावा, हा त्यावरचा न्याय्य उपाय नव्हे.

२००५ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका दाखल केली. बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही ‘मोकळी’च, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २००५ रोजी लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि शेडखालची जमीन मालकांकडेच राहिली. जून २०१२ मध्ये ‘म्हाडा’ने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्जदारांची संख्या लाखाच्या वर होती.

या पराभवाचा दोष केवळ न्यायाधीशांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. न्यायालय नियमाची वैधता तपासते, त्याचा अर्थ लावते. धोरण न्याय्य आहे की नाही याचा कौल ते सहसा देत नाही. नियम २००१ चा आणि याचिका २००५ ची. मधल्या चार वर्षांत आराखडे मंजूर झाले, पैसा गुंतला, आणि तो विलंबही न्यायालयात याचिकेच्या विरोधात गेला.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये विकास योजनेत फेरबदल करण्यापूर्वी सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी मुदत एका महिन्याची असते. राजपत्रातील ती रुक्ष सूचना वाचणारा, तिचा हिशेब मांडून वस्तीवस्तीत समजावून सांगणारा आणि मुदतीत शेकडो लेखी हरकती दाखल करवणारा कार्यकर्ता प्रत्येक विभागात हवा. न्यायालयाचा दरवाजा जरूर ठोठावावा. पण तेथे जाताना या हरकतींचे गाठोडे हाती असले पाहिजे.