निवासी कलावंत आणि उद्याचा शिक्षक

(माथेरान येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर आपल्या गोटातून पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातील बरीचशी रास्त होती. परंतु त्या धोरणाच्या भाषा, कला व संस्कृती यांविषयीच्या प्रकरणात एक लहानसे विधान आहे, त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेने, किंबहुना प्रत्येक शाळेने वा शाळासंकुलानेही, आपल्या येथे निवासी कलावंत ठेवण्याचे उद्दिष्ट बाळगावे, असे ते विधान आहे. अध्यापक विद्यालयांपुरते जरी हे खरे करून दाखवले, तरी वाडीवस्तीवरच्या शाळेत पुष्कळ काही बदलू शकेल. मात्र त्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. नाट्यकलावंताने अध्यापक विद्यालयात येऊन राहायचे ते कशासाठी? आणि तो तेथे असेल तोवर त्याची चूल पेटती ठेवायची कोणी?

पहिल्या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सर्वांना ठाऊक आहे. नाटक म्हणजे स्नेहसंमेलन, नाटक म्हणजे पंधरा ऑगस्टला पाहुण्यांपुढे उभी केलेली भारतमाता आणि पाठांतर विसरलेला एखादा शिवाजी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, तेव्हा त्यात 'शिक्षणातील नाट्य व कला' या विषयाला स्थान दिले. कागदावर ही मोठीच सुधारणा होती. पण ज्या महाविद्यालयात नाटकाचा जाणकार अध्यापकच नेमलेला नाही, तेथे या विषयाची एक वही तयार होते, तिच्यावर गुण पडतात आणि विषय संपतो.

याहून निराळे उत्तर अर्ध्या शतकापूर्वी दक्षिण अमेरिकेत दिले गेले. ऑगस्तो बोआल हे ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक. तेथील लष्करी राजवटीने १९७१ साली त्यांना पकडले, छळले आणि अखेर त्यांना मायदेश सोडावा लागला. १९७३ साली पेरूच्या सरकारने साक्षरतेची मोहीम हाती घेतली होती, तीत ते सामील झाले. पाउलो फ्रेअरे यांच्या विचारांचा त्या मोहिमेवर प्रभाव होता. पेरूतील लक्षावधी लोकांची मातृभाषा स्पॅनिश नव्हती, आणि साक्षर व्हायचे ते मातृभाषेबरोबर स्पॅनिशमध्येही. तेव्हा शिकणाऱ्यांच्या हाती साधे कॅमेरे देण्यात आले. प्रश्न शब्दांत विचारायचा, उत्तर छायाचित्राने द्यायचे. 'शोषण म्हणजे काय?' या प्रश्नाला कोणी दुकानदाराचे चित्र आणले, कोणी घरमालकाचे, कोणी सरकारी कचेरीचे. एका मुलाने भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचे चित्र आणले. मोठ्यांना त्याचा अर्थ लागेना. वर्गातील मुलांना मात्र तो तत्काळ समजला. लिमा शहरातील ही मुले बूटपॉलिश करून पोट भरत. ज्या वस्तीत ती राहत, तेथे पॉलिश करण्याजोगे बूट कोणाच्याच पायांत नसत, म्हणून त्यांना शहराच्या मध्यभागी यावे लागे. जड पेटी रोज घरून वाहून आणणे शक्य नसे, म्हणून ती रात्री एखाद्या दुकानातील खिळ्याला टांगायची आणि त्या खिळ्याचे भाडे दुकानदाराला मोजायचे. बोआल यांनी स्वतः ही हकीकत लिहून ठेवली आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत भाड्याच्या अनेक व्याख्या सापडतात. या खिळ्याइतकी स्पष्ट व्याख्या क्वचितच सापडेल.

आता हा खिळा कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीत शोधून पाहावा. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. दसरा-दिवाळीनंतर यांतील अनेक कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधीच मालकाकडून 'उचल' घेतलेली असते, कारण पावसाळ्यात घरात दाणा उरलेला नसतो. ती पुढे हंगामभर मजुरीतून फिटायची असते, आणि तिचा हिशेब मालकाच्या वहीत असतो. या कुटुंबातील मूल शाळेत येते तेव्हा त्याला वजाबाकी येत नाही अशी नोंद होते. वस्तुतः कधीही न संपणारी वजाबाकी ते घरी रोज पाहत असते! अध्यापक विद्यालयातील तरुण छात्राध्यापक पाठ टाचण नीटनेटके लिहून, रंगीत तक्ते गुंडाळून सराव पाठासाठी त्या शाळेत जातो. मूल कातकरी बोलीत विचार करते, पुस्तक प्रमाण मराठीत बोलते, आणि छात्राध्यापकाची सारी शक्ती वर्ग शांत ठेवण्यात खर्च होते. त्याच मुलांना त्याने 'उचल कशी घेतात ते करून दाखवा' असे सांगितले असते, तर एक मुकादम झाला असता, एक बाप झाला असता, एखादी मुलगी दारात उभी राहून ऐकणारी आई झाली असती. आणि भाषा, गणित व समाजशास्त्र हे तिन्ही विषय एकाच तासिकेत वर्गात उतरले असते.

परंतु असे सांगण्याचे धैर्य तक्त्यांतून येत नाही. मुलांनी करून दाखवलेले पाहत थांबायचे, मध्येच दुरुस्ती करायची नाही, शेवट आपण ठरवायचा नाही, ही शिस्त अंगी बाणायला महिने लागतात, आणि ती शिकवण्यासाठीच नाट्यकलावंत अध्यापक विद्यालयात हवा. नाटक बसवून देण्यासाठी नव्हे.

येथे आपल्या चळवळीलाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्राला वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर दिले; पु. ल. देशपांडे यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य त्याच कलापथकासाठी लिहिले. तो वारसा मोठा आहे. पण पुढे कार्यकर्त्यांच्या पथनाट्यांतून उत्तर आधी ठरू लागले आणि प्रश्न नंतर येऊ लागला. बोआल यांनाही आरंभी हीच खोड होती. ब्राझीलच्या ईशान्य भागात त्यांच्या मंडळीने जमिनीसाठी रक्त सांडण्याचे गाणे बंदुका उगारून म्हटले. खेळ संपल्यावर व्हिर्जिलिओ नावाच्या शेतकऱ्याने, बंदुका घेऊन आमच्याबरोबर जमीनदारावर चला, असे त्यांना सांगितले, तेव्हा त्या बंदुका नाटकातल्या आहेत हे कबूल करण्याची पाळी त्यांच्यावर आली. जो धोका आपण पत्करणार नाही तो दुसऱ्याला पत्करायला सांगायचा नाही, हा धडा त्यांनी त्या शेतकऱ्यापासून घेतला.

आपल्याकडे शाळा आणि रंगभूमी या दोन्हींत पाय रोवून उभ्या असलेल्या व्यक्ती थोड्या. सुलभा देशपांडे या त्यांपैकी एक. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी विजय तेंडुलकरांनी नाटके लिहून दिली. १९६७ साली त्याच तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये त्यांनी लीला बेणारे उभी केली. बेणारे ही शाळेतील शिक्षिका आहे, हे समीक्षक ओझरते सांगून पुढे जातात. वस्तुतः ती शिक्षिका आहे म्हणूनच तिची नोकरी सर्वांच्या हातातले शस्त्र ठरते. आणि ती अखेर बोलते तेव्हा तिचे बोलणे रंगमंचावरील कोणीच ऐकत नाही. ज्याला स्वतःला बोलण्याची मुभा नाही, त्या शिक्षकाकडून मुलांना बोलते करण्याची अपेक्षा कशी धरायची?

दुसरा प्रश्न पैशाचा. इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड नाट्यगृहाने १९६५ साली नटही असलेल्या आणि शिक्षकही असलेल्या मंडळींचा एक चमू उभा केला. त्याचे कार्यक्रम शाळांना विनामूल्य मिळत, कारण खर्च सार्वजनिक निधीतून होई. तेथील १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर निधी शाळाशाळांत वाटला गेला, आणि छप्पर गळत असलेली शाळा नटांवर खर्च करीना. नव्वदीच्या दशकात असे अनेक चमू मोडले. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी शिक्षक नेमायला सांगितले खरे, पण कसा? अर्धवेळ निदेशक! महाराष्ट्रात २०१२ च्या मे महिन्यापासून शिक्षकभरतीवर बंदी आली आणि ती काही वर्षे राहिली. ज्या पदविकेने नोकरीची आशा दिसेना, तिच्याकडे मुलेमुली पाठ फिरवू लागली आणि अध्यापक विद्यालये ओस पडू लागली. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली वाढले तेव्हा प्राथमिकसाठी ते सोळा हजारांवर आले, तेही तीन वर्षांच्या उमेदवारीसाठी. शिक्षकालाच पुरे वेतन द्यायला खळखळ करणारी व्यवस्था कलावंताला काय देणार? दोन दिवसांची कार्यशाळा, शाल, श्रीफळ आणि प्रवासखर्च. आणि अहवालात 'निवासी कलावंत' या रकान्यात खूण. म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. रायगड जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलला आहे. तेथे नाट्यशिक्षणाचे एक मंजूर पद, आणि त्याच्या जोडीला वर्षातील काही महिन्यांसाठी पूर्ण वेतनावर एक कलावंत. पद नसेल, तर कलावंत निघून गेल्यावर त्याने पेरलेले राखणारा कोणीच उरत नाही.

ज्या गावात आज आपण जमलो आहोत, तेथे १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. नाभिक समाजातील गरीब घर. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२ च्या लढ्यात मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारा आझाद दस्ता त्यांनी उभारला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले. भाई कोतवालांच्या आयुष्याचा हा शेवट पाठ असतो, पण त्याआधी त्यांनी या तालुक्यात शाळा चालवल्या आणि पावसाळ्यात शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याची सोय केली, ते फारसे सांगितले जात नाही. दाण्याचा प्रश्न आणि पाटीचा प्रश्न त्यांनी वेगळे काढले नव्हते. माथेरानातील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. ती रिक्षा बापाने ओढलेली पाहिलेल्या मुलाला, शोषणाचे चित्र काढ म्हटले तर दूर जावे लागणार नाही.

राहता राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. तो क्षुल्लक वाटेल, पण सारे त्यावरच अडेल. पायथ्याच्या वाड्यांतील मुले जून ते दिवाळी घरी असतात. माथेरानचा हंगामही तेव्हाच ओसरलेला असतो. नेरळहून अमन लॉजपर्यंतची गाडी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, आणि घोडेवाल्याच्या मुलालाही शाळेसाठी सवड मिळते. तेव्हा कलावंत पनवेलला यायचा तो जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर, आणि छात्राध्यापकांना घेऊन वाड्यांवर जायचे तेही त्याच महिन्यांत. अंदाजपत्रकातील रक्कम वर्ष संपत आल्यावर हाती येते म्हणून त्याला फेब्रुवारीत बोलावले, तर ज्या मुलांसाठी हा खटाटोप ती भट्टीवर असतील, आणि छात्राध्यापक रिकाम्या वर्गात एकमेकांपुढेच मुलांची सोंगे काढत बसतील.